गारवा विकत घेण्यापूर्वी

उन्हाळा जवळ आला की वृत्तपत्रांची पाने वातानुकूलन यंत्रांच्या जाहिरातींनी भरून जातात. ही यंत्रे एके काळी बँकांत, चित्रपटगृहांत आणि मोठ्या साहेबांच्या दालनांतच आढळत. आज ती मध्यमवर्गाच्या घरात शिरली आहेत, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यांच्यावरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्याने तो प्रवेश अधिकच सुकर झाला आहे. त्याबद्दल नाक मुरडण्याचे आम्हांस काहीच कारण दिसत नाही. उष्म्यापासून सुटका ही चैन आहे असे म्हणण्याचे दिवस सरले. परंतु पणजीच्या दुकानात जे यंत्र ज्या शब्दांत विकले जाते, तेच यंत्र त्याच शब्दांत सातपुड्याच्या पायथ्याशी विकले जाते, आणि दोन्हीकडचा ग्राहक 'किती टन आणि किती तारे' एवढे दोनच प्रश्न विचारून पैसे मोजतो. ही गोष्ट मात्र विचार करण्याजोगी आहे. या दोन ठिकाणची हवा एक नाही, दुखणे एक नाही. मग औषध एक कसे असेल?

तुलनेसाठी आम्ही लोधीखेडा हे गाव घेत आहोत. किनाऱ्यावरील आमच्या अनेक वाचकांना ते ठाऊक असण्याचा संभव कमी आहे. नागपूरहून छिंदवाड्यास जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, महाराष्ट्राची सीमा ओलांडताच, मध्य प्रदेशच्या सौंसर तहसिलीत हे छोटे नगर वसले आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ च्या ऑक्टोबरात सौंसर आणि पांढुर्णा या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. संत्र्यांच्या बागांचा हा मुलूख. घराघरांत मराठी बोलली जाते, पण राज्यकारभार हिंदीतून चालतो. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी वाचणे म्हणजे काय, हे ज्या आपल्याला अनुभवाने कळते, त्या आपल्याला ही माणसे परकी वाटू नयेत. भाषेने ती आपल्या जवळची आहेत. हवेने मात्र ती आपल्याहून अगदी वेगळी आहेत. म्हणूनच ही तुलना उपयोगी पडेल असे आम्हांस वाटते.

त्या भागातला एप्रिल-मे म्हणजे कोरडी भट्टी. रोहिणी नक्षत्र लागले की 'नवतपा'चे नऊ दिवस लोक अक्षरशः मोजून काढतात. पारा ४३-४४ अंशांवर जाणे ही तिथे बातमी होत नाही. शेजारच्या नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात तो ४७.९ अंशांवर गेला होता. परंतु त्या वेळी हवेतील आर्द्रता दुपारी बहुधा पंधरा-वीस टक्क्यांवर उतरलेली असते. घाम येतो आणि येताक्षणी वाळतो. आपल्या किनाऱ्यावर मे महिन्यात पारा ३३-३४ अंशांपुढे क्वचितच सरकतो. आकडा पाहून लोधीखेड्याचा माणूस आपला हेवा करील. पण इथली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या आसपास असते, अंगातून निथळणारा घाम वाळायलाच तयार नसतो आणि रात्रही दिवसासारखीच चिकट जाते. तिकडे शत्रू उष्णता आहे, इकडे शत्रू ओल आहे. गारवा देणारे साधन निवडताना ध्यानी घ्यायची पहिली आणि सर्वांत मोठी गोष्ट हीच होय.

वातानुकूलनाचा जन्मच मुळी ओलीशी लढण्यासाठी झाला, हे पुष्कळांना माहीत नसते. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे, आकसे आणि एकावर एक छापले जाणारे रंग जागेवरून सरकत. विलिस कॅरिअर या पंचविशीतल्या अभियंत्याने त्या छापखान्यासाठी हवेतील ओल ताब्यात ठेवणारी योजना आखली. हवा थंड नळ्यांवरून नेली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊन ते गळून पडते आणि हवा एकाच वेळी गार व कोरडी होते. आज आपल्या भिंतीवर टांगलेल्या यंत्रातून बाहेर काढलेल्या नळीतून जे पाणी ठिबकते, ते हेच. माणसाला थंडावा मिळाला तो कागदाच्या पाठोपाठ.

लोधीखेड्याचा कूलर नेमक्या उलट तत्त्वावर चालतो. तो हवेतील पाणी काढीत नाही, हवेत पाणी घालतो. पत्र्याच्या पेटीच्या तीन बाजूंना वाळ्याचे किंवा लाकडाच्या बारीक काड्यांचे पडदे, त्यांवर पाणी सोडणारा छोटा पंप आणि चौथ्या बाजूला पंखा, एवढाच त्याचा संसार. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेते, आणि ती उष्णता आत येणाऱ्या हवेतूनच जाते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने कूलरची हवा गार होते. मात्र या गारव्याला निसर्गाने एक मर्यादा घालून दिली आहे. तापमापकाच्या गोळ्यावर ओले फडके गुंडाळून वाऱ्यात धरल्यास तो जो अंश दाखवील, त्याखाली कोणताही साधा कूलर हवेला नेऊ शकत नाही.

आता हिशेब पाहा. बाहेर ४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्याचा तापमापक सुमारे २३ अंश दाखवितो. बरा कूलर या वीस अंशांच्या अंतरापैकी सुमारे तीन चतुर्थांश अंतर कापतो. म्हणजे ४३ अंशांची हवा २८ अंशांवर आणून सोडतो. पंधरा अंशांची ही उतरंड दोन-अडीचशे वॅट विजेत मिळते. दीड टनी वातानुकूलन यंत्र भर उन्हात याच्या पाच-सहा पट वीज सहज घेते. आता हाच कूलर पणजीत आणा. ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असता ओल्या फडक्याचा तापमापक २८ अंशांवर असतो. कूलर चारेक अंशांपुढे काही करू शकत नाही, आणि ते चार अंश देताना आधीच दमट असलेल्या हवेत आणखी पाणी ओततो. घाम वाळण्याची उरलीसुरली आशाही मग मावळते. किनाऱ्यावरील गृहस्थ स्वस्त पडतो म्हणून मोठा कूलर आणतो आणि आठवड्यात तो माळ्यावर टाकतो, याचे कारण कूलरचा दोष हे नव्हे. वऱ्हाडच्या हवेसाठी जन्मलेले साधन त्याने समुद्रकाठी आणलेले असते.

उलट चूकही तितकीच महाग पडते. सौंसर-लोधीखेड्याच्या बाजूला हल्ली प्रतिष्ठा म्हणून कूलर काढून त्या जागी वातानुकूलन यंत्र बसविण्याकडे कल होऊ लागला, तर तो सरसकट शहाणपणाचा म्हणता येणार नाही. कोरड्या दोन महिन्यांत तिथे कूलर पुरेसा असतो. मात्र पूर्ण सत्य सांगायचे तर पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. जूनच्या मध्यावर पावसाळी वारे पोचले की तीच हवा आपल्यासारखी दमट होते आणि कूलर निरुपयोगी ठरतो. राष्ट्रीय इमारत संहितेने देशाचे जे पाच हवामान-विभाग पाडले आहेत, त्यांत नागपूरची गणना 'मिश्र' विभागात होते ती याचसाठी. जुलै ते सप्टेंबरच्या उकाड्यात घरात आजारी, वृद्ध वा तान्हे मूल असेल, तर त्या एका खोलीपुरते छोटे वातानुकूलन यंत्र असणे तिथेही योग्यच होय. उन्हाळ्याला कूलर आणि पावसाळी उकाड्याला एका खोलीत यंत्र, ही विभागणी त्या मुलखाला शोभणारी आहे. किनाऱ्यावर मात्र पंखा आणि वातानुकूलन यंत्र यांच्या मध्ये तिसरा पर्याय जवळजवळ नाहीच.

कूलर स्वस्त असला तरी त्याचा सगळा खर्च विजेच्या बिलात दिसत नाही. मोठा कूलर कोरड्या दुपारी ताशी आठ-दहा लिटर पाणी पितो. दहा तासांत ऐंशी ते शंभर लिटर. ग्रामीण भागात दर माणशी दर दिवशी ५५ लिटर नळाचे पाणी, हे २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनचे माप आहे. म्हणजे एक मोठा कूलर जवळजवळ दोन माणसांचे पाणी हवेत सोडतो, आणि तेही विहिरी तळ गाठतात त्या मे महिन्यात. जिथे संत्र्याची बाग, गाईगुरे आणि माणसे एकाच भूजलावर जगतात, तिथे हा हिशेब दुर्लक्षिण्याजोगा नाही. खोलीच्या मानाने नको तितका मोठा कूलर न घेणे, आणि दुपारी कूलर ज्या खोलीत लावला आहे तिथेच सर्वांनी बसणे, हेच त्यावरचे साधे उपाय.

दुसरे, कूलरच्या टाकीतील साचलेले पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासांचे घरच. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून, वाळविल्यावाचून ती पुन्हा भरू नये. तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. लोखंडी पेटी, तिच्यात पाणी आणि त्या पाण्यात विजेचा पंप, असा हा तिहेरी धोका आहे. कूलरमध्ये पाणी भरताना धक्का लागून स्त्रिया आणि मुले दगावल्याच्या बातम्या विदर्भातील वृत्तपत्रांत उन्हाळ्यागणिक येतात. पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करून पिन काढणे, तीन पिनांचाच प्लग वापरणे, घराचे अर्थिंग तपासून घेणे आणि गळती होताच वीज तोडणारा छोटा स्विच मुख्य फळीवर बसवून घेणे, यांचा एकूण खर्च एका जिवापुढे काहीच नाही. कूलर विकणाऱ्याने हे ग्राहकाला सांगितलेच पाहिजे.

साध्या वापरातील एक गैरसमजही दूर व्हावयास हवा. कूलर लावून खिडक्या बंद करणारे पुष्कळ असतात. कूलरला बाहेरची कोरडी हवा आत यायला आणि दमट झालेली हवा समोरून बाहेर जायला वाट हवी. ती नसेल तर तासाभरात खोलीचे न्हाणीघर होते. वातानुकूलन यंत्राला याच्या उलट दारे-खिडक्या बंद हव्यात. पण हे यंत्र खोलीतलीच हवा फिरवीत राहते, बाहेरची ताजी हवा आणीत नाही. म्हणून रात्रभर बंद राहणारी खोली सकाळी मोकळी करणे अगत्याचे आहे.

परंतु कूलर की यंत्र, हा प्रश्नच मुळात दुसरा आहे. पहिला प्रश्न घराचा आहे. आपल्या पूर्वजांनी विजेवाचून उन्हाळे काढले ते केवळ सोशिकपणाच्या बळावर नव्हे. सौंसरकडच्या जुन्या घरांना जाड मातीच्या भिंती आणि वर कवेलू होते; दुपारची उष्णता आत पोचेपर्यंत रात्र झालेली असे. आपल्याकडच्या जुन्या घरांना उतरते नळ्यांचे छप्पर, उंच माळा, मधले राजांगण आणि वारा खेळविणाऱ्या समोरासमोरच्या खिडक्या होत्या. एके ठिकाणी उष्णता अडविण्याची योजना होती, दुसरीकडे वारा बोलावण्याची. आज दोन्हीकडे एकच सिमेंटची पेटी उभी राहते, तिच्यावर उघडी स्लॅब किंवा पत्रा असतो, आणि दिवसभर तापलेली ती स्लॅब रात्रभर आतल्या माणसांवर उष्णता ओकत असते. त्या उष्णतेशी झगडण्यासाठी मग यंत्र आणले जाते. स्लॅबवर चुन्याचा वा पांढऱ्या परावर्तक रंगाचा हात देणे, पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून छज्जा, चटई वा वेल चढविणे, अंगणात कडुनिंब राखणे, ही कामे यंत्राआधी करावयाची आहेत. यंत्राची वाट काचेच्या आतल्या पडद्याने सोपी होत नाही. ऊन काचेच्या बाहेरच अडले पाहिजे. तेलंगणाने २०२३ साली थंड छपरांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले, याचे कारण हेच की पांढरे छप्पर हा सर्वांत स्वस्त गारवा आहे.

एवढे करूनही यंत्र घ्यावयाचे ठरले, तर 'टन' म्हणजे काय हे आधी समजून घ्यावे. त्याचा यंत्राच्या वजनाशी काडीचा संबंध नाही. बर्फाच्या व्यापाराच्या दिवसांतले हे माप. एक अमेरिकन टन, म्हणजे दोन हजार पौंड बर्फ, चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता खोलीबाहेर टाकण्याची शक्ती म्हणजे एक टन. आजच्या भाषेत सुमारे साडेतीन किलोवॅट. शंभर ते एकशेवीस चौरस फुटांच्या सावलीतल्या खोलीस एक टन आणि दीडशे ते एकशेऐंशी फुटांच्या खोलीस दीड टन, असा ढोबळ आडाखा आहे. पण खोली सर्वांत वरच्या मजल्यावर उघड्या स्लॅबखाली असेल, पश्चिमेला मोठी काच असेल, वा चारपाच माणसे तिथे झोपत असतील, तर हा आडाखा अपुरा पडतो.

येथेही दोन मुलखांचे दोन न्याय आहेत. यंत्राची छापील क्षमता बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेली असते. किनाऱ्याला ती बहुधा लागू पडते. लोधीखेड्यात बाहेर ४५ अंश असता तेच यंत्र कमी गारवा देते आणि अधिक वीज खाते. म्हणून तिकडच्या ग्राहकाने यंत्र बाहेरच्या किती अंशांपर्यंत चालते आणि तेव्हा त्याची क्षमता किती उरते, हे लेखी विचारून घ्यावे. बाहेरचा डबा उत्तरेला, सावलीत आणि मोकळ्या हवेत बसवावा, गच्चीच्या तापल्या कोपऱ्यात नव्हे. किनाऱ्यावर धोका वेगळा आहे. 'मोठे घेतलेले बरे' म्हणून लहान खोलीत दोन टनी यंत्र लावले, तर जुन्या ठरावीक वेगाच्या यंत्रात खोली दहा मिनिटांत गार होऊन यंत्र थांबते. हवेतली ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही. खोली थंड पण चिकट राहते, भिंतींना बुरशी धरते. वेग कमी-जास्त करणारे इन्व्हर्टर यंत्र संथपणे पुष्कळ वेळ चालत असल्याने सामान्यतः अधिक बरे. ओल काढण्यासाठी दिलेले 'ड्राय' हे बटण तर किनाऱ्यावर ऑगस्ट महिन्यातही उपयोगी पडते. फार थोडे लोक ते वापरतात.

आता ताऱ्यांविषयी. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो ही केंद्र शासनाची संस्था २००२ साली स्थापन झाली, २००६ साली तिने ताऱ्यांची पट्टी आणली आणि २०१० पासून खोलीत बसविण्याच्या वातानुकूलन यंत्रांना ती सक्तीची झाली. ताऱ्यांची कसोटी ठरावीक वर्षांनी कडक होत जाते. म्हणून जुन्या साठ्यातील पाच तारे आणि नव्या पट्टीवरील पाच तारे एक नव्हेत. तारे मोजण्यापेक्षा पट्टीवर छापलेला 'आयएसईईआर' हा आकडा आणि वर्षाचे युनिट वाचावेत. ते युनिट वर्षाला १६०० तास वापर धरून काढलेले असतात, आणि हीच गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही.

उदाहरणादाखल धरा की एका यंत्रावर वर्षाला १००० युनिट लिहिले आहेत, दुसऱ्यावर ८००, आणि दुसरे यंत्र आठ हजार रुपयांनी महाग आहे. युनिटला आठ रुपये धरले तर वर्षाला सोळाशे रुपये वाचतात आणि जादा पैसे पाच वर्षांत वसूल होतात. किनाऱ्यावर वर्षातल्या दोनशे रात्री आठ-आठ तास यंत्र लावणाऱ्या घरात हा हिशेब तंतोतंत बसतो. तिथे अधिक तारे घेणेच शहाणपणाचे. पण लोधीखेड्यात कोरडा उन्हाळा कूलरवर काढून केवळ साठ रात्री यंत्र लावणाऱ्याचे वर्षाचे तास ४८० भरतात. त्याची बचत वर्षाला ६० युनिट, म्हणजे पाचशे रुपयांहून कमी. जादा आठ हजार परत यायला त्याला सोळा वर्षांहून अधिक काळ लागेल आणि यंत्रच तोवर टिकेल याची शाश्वती नाही. त्याने तेच पैसे स्लॅबच्या रंगावर आणि अर्थिंगवर खर्च करावेत. उन्हाळ्यात जिथे विजेचा दाब खालीवर होतो, तिथे यंत्र किती व्होल्टपर्यंत तग धरते हे पाहून, गरज असल्यास स्टॅबिलायझरही घ्यावा.

किनाऱ्यावरील ग्राहकाने आणखी एका शत्रूची दखल घेतली पाहिजे. खारा वारा बाहेरच्या डब्यातील ॲल्युमिनियमचे पातळ पापुद्रे काही वर्षांतच खाऊन टाकतो. तांब्याच्या नळ्या आणि गंजरोधक लेप दिलेले पापुद्रे यांना इथे थोडे अधिक पैसे मोजणे इष्ट, आणि अधूनमधून तो डबा गोड्या पाण्याने हलकेच धुऊन घेणेही. 'दरवर्षी गॅस भरावा लागतो' हे वाक्य मात्र कोणी ऐकून घेऊ नये. यंत्रातील वायू बंद नळ्यांत फिरत असतो, तो खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती न बुजविता गॅस भरणे म्हणजे भोक असलेल्या घागरीत पाणी ओतणे. त्यात पैसा तर जातोच, हवेचीही हानी होते. आर-४१०ए हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट उष्णता धरून ठेवतो, आर-३२ सुमारे पावणेसातशे पट, तर आर-२९० म्हणजे प्रोपेन, अगदी नगण्य. यांतला आर-३२ सौम्य ज्वालाग्राही आणि प्रोपेन पूर्ण ज्वालाग्राही असल्याने यंत्र बसविणारा शिकलेलाच हवा. १९८७ च्या माँट्रियल कराराला २०१६ साली किगाली येथे जी पुस्ती जोडली गेली आणि जिला भारताने २०२१ साली मान्यता दिली, ती असे तापदायक वायू क्रमाने कमी करण्यासाठीच.

यंत्र बसल्यावर ते कसे चालवावे हाही निवडीचाच भाग आहे. २०२० च्या जानेवारीपासून नवी यंत्रे सुरू होताच २४ अंशांवर येतील अशी सक्ती आहे. एक अंश वर ठेवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते असा ब्यूरोचा अंदाज आहे. १८ वर ठेवल्याने खोली लवकर गार होते ही समजूत खोटी आहे. यंत्र तेवढेच जोर लावते, फक्त थांबत नाही. २६ अंशांवर यंत्र आणि सोबत मंद पंखा, ही जोडी किनाऱ्यावरच्या रात्रीस पुरेशी आहे. दुलई पांघरून झोपण्यासाठी वीज जाळणे हा गारवा नव्हे, उधळपट्टी आहे. शिवाय आपल्या खोलीतून काढलेली उष्णता कुठे जाते? ती शेजाऱ्याच्या खिडकीबाहेर जाते, आणि त्या शेजाऱ्याकडे यंत्र नसेल तर त्याची रात्र आपण अधिक उष्ण केलेली असते.

हे सर्व ग्राहकाने एकट्याने शोधून काढावे, अशी अपेक्षा करणे रास्त नाही. शासनाकडे आमच्या काही स्पष्ट मागण्या आहेत. ताऱ्यांच्या पट्टीमागे साऱ्या देशाचे एक सरासरी हवामान आहे. सरासरी हवामानात कोणीच राहत नाही. इमारत संहिता जर पाच विभाग मानते, तर पट्टीवरही निदान कोरड्या उष्ण आणि दमट उष्ण अशा दोन विभागांचे वेगळे आकडे असावेत. बाहेर ४५ अंश असता क्षमता किती उरते आणि यंत्र तासाला किती ओल काढते, हे दोन आकडे ठळक छापावेत. ही पट्टी त्या त्या प्रांताच्या भाषेतही हवी. करकपातीने विक्री वाढेल. त्या विक्रीबरोबर हे ज्ञानही घरात गेले पाहिजे.

दुसरी मागणी अधिक निकडीची आहे. जो यंत्रही घेऊ शकत नाही आणि ज्याच्या कूलरला पाणीही नाही, त्याचे काय? बागेत संत्री तोडणारा, रस्त्यावर डांबर पसरणारा, पत्र्याच्या खोलीत राहणारा माणूस जाहिरातीतला ग्राहक नाही; पण उष्माघाताचा पहिला बळी तोच असतो. हवा ४० अंशांपुढे गेली की नुसता पंखा शरीर गार करण्याऐवजी तापवितो, अशी सूचना जागतिक आरोग्य संघटनेने दिली आहे, आणि त्याच्या घरात पंख्यापलीकडे काही नसते. २०१० च्या भीषण उन्हाळ्यानंतर अहमदाबाद महापालिकेने २०१३ साली उष्म्याशी सामना करण्याची योजना आखून इतरांना वाट दाखविली. मोठ्या शहरांनी ती वाट धरली. परंतु लोधीखेड्यासारख्या लहान नगर परिषदेच्या गावातही दुपारी कूलर लावलेली, पिण्याचे गार पाणी असलेली एक सार्वजनिक खोली उघडी ठेवणे, शाळेच्या आणि दवाखान्याच्या छपरांना पांढरा रंग देणे, आणि मजुरांचे कामाचे तास पहाटेकडे सरकविणे, यांस फार मोठा निधी लागत नाही. आपल्या पंचायतींनाही हेच लागू आहे, कारण दमट उकाड्यातही माणसे मरतात. फक्त त्याची बातमी होत नाही.

वातानुकूलन यंत्र वाईट नाही आणि कूलर मागासलेला नाही. ज्या हवेत जे चालते ते तिथे श्रेष्ठ. यंदा दुकानाची पायरी चढण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने आपल्यापुरते चार प्रश्न विचारावेत: आपल्याला छळते ती उष्णता की ओल? छपरावर पडणारे ऊन आपण आधी अडविले आहे काय? वर्षाचे किती तास हे साधन खरोखर लागणार? आणि त्यासाठी लागणारे पाणी वा वीज कुठून येणार? या चार प्रश्नांची उत्तरे पणजीला एक आणि लोधीखेड्याला दुसरी येतील, आणि तशीच ती यावयास हवीत.